तांबड्यावर काळी रेघ : महाराष्ट्रातील रंगवलेली भांडी

महाराष्ट्रात जेवणाखाण्याची भांडी हाताने रंगवण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत समृद्ध परंपरा ताम्रपाषाणयुगातली आहे. इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात तापी, गोदावरी आणि भीमा यांच्या खोऱ्यांत शेती करणारी माणसे वाडगे, लोटे आणि तोटीची भांडी चाकावर घडवत, त्यांवर कुंचल्याने काळी नक्षी काढत आणि मग ती भाजत. या भांड्यांना ‘जोर्वे भांडी’ म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी असलेल्या जोर्वे गावावरून हे नाव पडले. तिथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडींमुळे हे गाव आधी प्रकाशात आले होते. उत्खननात मिळालेल्या तांबड्या-काळ्या खापरांनी मात्र महाराष्ट्राचा इतिहास मौर्यकाळाच्या मागे हजार-बाराशे वर्षे नेला. त्यापूर्वी या प्रदेशातल्या शेतकरी वस्त्यांची कथा जवळजवळ सातवाहनांपासूनच सुरू होई.

पुढल्या तीन दशकांत नेवासे, दायमाबाद, प्रकाशे, बहाळ, चांडोली, सोनगाव आणि इनामगाव येथील उत्खननांनी या संस्कृतीचे चित्र भरत गेले. जोर्वे भांड्यांची दोनशेहून अधिक ठिकाणे आज माहीत आहेत. कोकणची किनारपट्टी आणि पूर्व विदर्भ सोडला तर जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रात ती सापडतात. विदर्भाच्या पश्चिम भागात, अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८४-८५ मध्ये केलेल्या उत्खननात जोर्वेच्या आधीची माळवा परंपरा आणि जोर्वे या दोन्हींची भांडी मिळाली. नागपूरच्या दिशेने या कुंचल्याची वाटचाल तिथपर्यंत नक्कीच झाली होती.

जोर्वे भांडे ओळखणे अवघड नाही. माती गाळून, मळून इतकी बारीक केलेली असते की खापराच्या तुटलेल्या कडेवर खडा दिसत नाही. भिंत पातळ असते. भाजणी पक्की असल्याने टिचकी मारली की धातूसारखा खणखणीत आवाज येतो. रंग तांबडा किंवा नारिंगी, पृष्ठभाग झिलईविना. सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण आकार म्हणजे कंगोऱ्याचा वाडगा : तळ गोलसर, मध्यावर टोकदार कंगोरा आणि त्यावरची भिंत आत किंचित वळलेली. बोटे नेमकी त्या वळणात बसतात. गोल बुडाचे हे भांडे सारवलेल्या जमिनीवर किंवा मातीत केलेल्या खळग्यात नीट टेकते. दुसरा ठळक आकार तोटीच्या भांड्याचा. त्याचे तोंड बाहेर पसरट, पोट फुगीर, आणि पोटातून निघालेली नळीसारखी तोटी. उंच मानेचे गोल घडे आणि लोटे याच घराण्यातले. धान्य साठवायचे रांजण मात्र वेगळे होते. ती हाताने घडवलेली, जाड, करड्या रंगाची भांडी असत आणि त्यांवर कुंचला चालत नसे. फार तर मातीची पट्टी चिकटवून तिच्यावर बोटांचे ठसे उमटवलेले दिसतात. म्हणजे रंगकाम कुठे करायचे हे ठरलेले होते. जे भांडे हातात येते, चारचौघांत फिरते, त्याच्यावरच नक्षी.

नक्षी बहुतांशी भौमितिक आहे. तिरप्या समांतर रेघा, जाळीने भरलेले त्रिकोण आणि शंकरपाळी चौकोन, शिडीसारखे पट्टे, नागमोडी ओळी. वाडग्यावर ती कंगोऱ्याच्या वरच्या पट्टीत बसवलेली असते, तोटीच्या भांड्यावर खांद्यापाशी. खालचा अर्धा भाग मोकळा सोडलेला असतो, कारण जमिनीवर बसलेल्याच्या नजरेला तो दिसत नाही. आडव्या रेघा इतक्या सरळ असतात की त्या फिरत्या चाकावर कुंचला स्थिर धरूनच काढलेल्या असाव्यात. त्यांच्यामधले तिरपे फटकारे मोकळ्या हाताचे असतात. एका दमात ओढलेल्या अशा फटकाऱ्याची सुरुवात जाड आणि शेवट निमुळता असतो. साडेतीन हजार वर्षांनंतरही त्यावरून रंगवणाऱ्याच्या मनगटाची दिशा ओळखता येते. एखाद्या शिलालेखाइतकाच हा थेट पुरावा आहे, आणि त्याला तितकाच मान मिळायला हवा.

या परंपरेच्या आधी दक्षिणेकडे आलेली माळवा परंपरा (साधारण इ. स. पू. १६०० ते १४००) चित्रांच्या बाबतीत अधिक बोलकी आहे. पिवळट-नारिंगी लेपावर गडद तपकिरी किंवा काळ्या रंगात हरणे, मोर, बैल, कधी नाचणारी माणसे दिसतात. जोर्वेच्या कुंभारांनी हा चित्रसंसार बराच आवरता घेतला आणि रेघेवर भर दिला. काहींना यात कल्पकतेची ओहोटी दिसते. पण दोन्हींची खापरे शेजारी ठेवली तर जोर्वेची माती अधिक तयार, भिंत अधिक पातळ आणि भाजणी अधिक नेमकी आढळते. चित्र कमी झाले, भांडे सुधारले. रोजच्या वापराच्या वस्तूच्या बाबतीत हा सौदा तोट्याचा म्हणता येत नाही.

तांबड्यावर काळा रंग टिकवणे हे रसायनाचे काम आहे. मातीत लोह असते. भट्टीत हवा खेळती राहिली की त्या लोहाचे तांबडे ऑक्साइड होते आणि भांडे तांबडे निघते. नुसत्या लोहयुक्त मातीने काढलेली रेघही याच भट्टीत तांबडी होईल आणि भांड्याच्या रंगात हरवून जाईल. काळेपणा टिकवायचा तर रंगात लोहाच्या जोडीला मँगनीज लागते, कारण मँगनीजचे ऑक्साइड खेळत्या हवेतही काळेच राहते. रंगद्रव्याचा दगड पाट्यावर बारीक वाटून, पाण्यात कालवून, वाळत आलेल्या कच्च्या भांड्यावर लावला की भाजणीत तो मातीशी एकजीव होतो. मग तो धुतल्याने जात नाही, नखाने खरवडला जात नाही. मँगनीजच्या खनिजाचे मोठे साठे नागपूर-भंडारा-बालाघाट या पट्ट्यात आहेत. रामटेकजवळच्या मनसरची खाण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पोलादाच्या कारखान्यांना हेच खनिज पुरवत आली. आधुनिक धातुउद्योगाचा हा कच्चा माल कुंभारकलेत मात्र हजारो वर्षे जुना आहे.

रंग आधी आणि आग नंतर, हा क्रम जगातल्या उत्तम रंगवलेल्या भांड्यांना समान आहे. डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगन येथे, फ्रान्ट्स हाइनरिक म्यूलर या रसायनतज्ज्ञाने १७७५ मध्ये राणी युलियाना मारिया हिच्या आश्रयाने चिनी मातीचा कारखाना काढला. तोच आजचा ‘रॉयल कोपनहेगन’. त्याची पहिली नक्षी ‘ब्लू फ्लूटेड’ निळ्या फुलावेलींची होती आणि तिचे मूळ चिनी भांड्यांवरून जर्मनीत केलेल्या नकलांत होते. या पद्धतीत भांडे एकदा हलके भाजून घेतात, त्या सच्छिद्र पृष्ठभागावर कोबाल्टच्या रंगाने नक्षी काढतात, त्यावर काचेचा लेप देतात आणि सुमारे १४०० अंश सेल्सिअसला पुन्हा भाजतात. लावताना काळपट दिसणारा रंग आगीतून गडद निळा होऊन निघतो. सच्छिद्र माती कुंचल्यातले पाणी क्षणात शोषते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. या घराण्यातल्या जाळीदार कडेच्या एका थाळीला ११९७ फटकारे लागतात असे कारखाना अभिमानाने सांगतो. थाळीच्या पाठीमागे डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्यांची खूण म्हणून तीन लाटा असतात आणि त्यांच्याजवळ रंगवणाऱ्याची सही.

प्रवरेचा कुंभार आणि कोपनहेगनची चित्रकर्ती यांच्यात तीन हजार वर्षांचे अंतर आहे, तरी कुंचल्याचा प्रश्न एकच आहे : ठरलेली नक्षी शेकडो वेळा काढायची आणि प्रत्येक वेळी रेघ जिवंत ठेवायची. फरक आहे तो ग्राहकाचा. डेन्मार्कचा कारखाना राजघराण्याच्या छत्राखाली जन्मला. त्याचा सर्वांत प्रसिद्ध संच, देशातल्या वनस्पतींची चित्रे असलेला ‘फ्लोरा डॅनिका’, १७९० ते १८०२ या काळात राजाज्ञेने घडला आणि दरबारी मेजवान्यांसाठी वापरला गेला. जोर्वे भांडे मात्र कुणा राजाच्या आज्ञेने घडले नव्हते. ते जवळजवळ घराघरांत होते.

हे ठामपणे सांगता येते ते इनामगावमुळे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या गावाच्या पांढरीत डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीड दशक उत्खनन केले. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली एक संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन खेडे उलगडले. सव्वाशेहून अधिक घरे, त्यांच्या चुली, धान्याची बळदे, पाण्याचा पाट आणि मृतांची दफने मिळाली. वस्तीचे तीन कालखंड ठरले : माळवा (इ. स. पू. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००). लोक जव मुख्यतः पिकवत. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ होते. तांबे थोडे आणि मौल्यवान होते, त्यामुळे रोजची हत्यारे दगडी पात्यांचीच असत. अशा बेताच्या संसारातही रंगवलेला वाडगा जवळपास प्रत्येक घराच्या जमिनीवर सापडतो.

गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर होते आणि शेजारी धान्याचे कोठार. ते गावप्रमुखाचे घर मानले जाते. कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला होती : कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंताचे काम करणारा. कुंभाराची गोल भट्टीही मिळाली. धूर आणि आगीची कामे वस्तीच्या कडेला ठेवण्याची ही रीत महाराष्ट्रातल्या खेड्यांत पुढेही राहिली. कुंभारवाडा आजही बहुधा गावाच्या टोकालाच असतो.

भांडी माणसाच्या शेवटापर्यंत साथ देत. लहान मूल दगावले की दोन करड्या घड्यांची तोंडे एकमेकांना लावून त्यांत त्याचे शरीर ठेवत आणि ते घड्यांचे जोडपे घराच्या जमिनीखालीच पुरत. जवळ रंगवलेला वाडगा किंवा तोटीचे भांडे ठेवलेले असे. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात कच्च्या मातीच्या चार पायांच्या रांजणात बसलेल्या अवस्थेतला एक प्रौढ पुरुष आढळला. त्याच्यासोबतच्या एका भांड्यावर लांब वल्ह्यांची होडी रंगवलेली आहे. रेघा आणि चौकोनांच्या त्या जगात होडीचे हे चित्र एकदम उठून दिसते. घोड नदीच्या काठावरच्या कुंभाराला चित्र काढता येत नव्हते म्हणून तो रेघा ओढत नव्हता, हे यावरून उघड होते.

इ. स. पू. १००० च्या सुमारास हे जग ढासळू लागले. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या कोरडेपणात शोधले. पाऊस कमी झाला, शेती आटली, शिकार आणि गुरांवरचे अवलंबन वाढले. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. उत्तरेकडची बरीच गावे ओस पडली आणि भीमेच्या खोऱ्यातली इनामगावसारखी काही तग धरून राहिली. या काळातले भांडे हातात घेतले की बदल लगेच कळतो. माती भरड होते, भिंत जाड होते, कंगोऱ्याची धार बोथट होते, भाजणी कच्ची राहते. रंगकाम विरळ होते आणि असलेल्या रेघा घाईच्या वाटतात. चांगली रेघ काढायला माती गाळायला वेळ लागतो, पुरेसे जळण लागते, शिकणाऱ्या हाताला वर्षे द्यावी लागतात आणि पोट भरल्यावर उरलेले धान्य कुंभाराला देणारे गाव लागते. यातली एक गोष्ट सुटली तरी कुंचला आधी अडखळतो. दुष्काळाची लिखित नोंद नसलेल्या काळात तो दुष्काळ वाडग्याच्या काठावर वाचता येतो. इ. स. पू. ७०० च्या आसपास इनामगावही रिकामे झाले.

पूर्व विदर्भात त्या सुमारास वेगळी घडी बसत होती. नागपूरच्या परिसरात लोखंड वापरणाऱ्या, मृतांसाठी शिलावर्तुळे उभारणाऱ्या लोकांच्या वस्त्या होत्या. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणी येथील वर्तुळांची नोंद रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच घेतली होती. स्वातंत्र्यानंतर नागपूर विद्यापीठ, डेक्कन कॉलेज आणि पुरातत्त्व खात्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड, खैरवाडा, भागीमोहरी अशी स्थळे उकरली. त्यांतल्या अनेक उत्खननांमागे जोर्वेच्या उत्खननातलेच शां. भा. देव होते. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, माहुरझरीला घोड्यांचे तांब्याचे साज आणि मौल्यवान दगडांचे मणी.

या लोकांची ताटवाटी जोर्वेपेक्षा निराळी आहे. तिचे सौंदर्य कुंचल्यात कमी आणि भाजणीत जास्त आहे. सर्वांत देखणी ती काळी-तांबडी भांडी : आतून आणि काठाशी काळी, बाहेरून तांबडी, घोटून गुळगुळीत केलेली. भांडे भट्टीत उपडे ठेवून आतल्या बाजूला हवा पोचू दिली नाही की आत धुराचा कार्बन बसून ती बाजू काळी होते. बाहेरच्या बाजूला हवा लागते, म्हणून ती तांबडी होते. दोन रंग मिळतात, पण रंगद्रव्य लागत नाही. आग हाच कुंचला. दुसरा प्रकार अभ्रकी तांबड्या भांड्यांचा. या भागातल्या मातीत अभ्रकाचे कण सहज असतात आणि उन्हात अशा भांड्याचा पृष्ठभाग चमकतो. झाकणांच्या मुठींना पक्ष्याचा किंवा कळीचा आकार देण्याची हौस या कुंभारांना होती. वस्तीच्या थरांत तांबड्यावर काळ्या रेघांची भांडीही मिळतात, त्यामुळे कुंचला इथे अनोळखी होता असे म्हणता येत नाही. पण दफनात मृताजवळ मानाने ठेवायला काळा-तांबडा वाडगाच प्रामुख्याने निवडलेला दिसतो. लोखंड गाळणाऱ्या समाजाला आगीवरच्या ताब्याचे कौतुक अधिक असणे स्वाभाविक वाटते.

त्यानंतरच्या काळात रंगवलेले मातीचे भांडे जेवणातून हळूहळू मागे सरत गेले. भंडारा जिल्ह्यातील पवनी आणि नागपूर जिल्ह्यातील अडम येथील ऐतिहासिक थरांत चकचकीत काळी आणि घोटीव तांबडी भांडी आहेत, पण जोर्वेसारखी नक्षीची ताटवाटी नाही. पुढे धातू स्वस्त होत गेला तसे जेवण काशा-पितळेच्या ताटात आणि पळसाच्या पत्रावळीवर गेले. सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनांत मातीचे भांडे एकदा उष्टे झाले की टाकून द्यायचे ठरले. घासून शुद्ध होते ते फक्त धातूचे. जे भांडे उद्या फुटायचे आहे त्यावर तासभर नक्षी कोण काढणार? कुंभाराकडे घागर, माठ, रांजण, पणत्या, लग्नातली बोहल्याची उतरंड ही कामे राहिली. नक्षी उरली ती या मंगल भांड्यांवर, चुन्याच्या आणि कावेच्या रंगात. हा रंग भाजल्यानंतर लावलेला असतो, म्हणून तो कार्यापुरताच टिकतो. युरोपात चिनी मातीची थाळी पिढ्यान्‌पिढ्या वारसा म्हणून जपली जात होती, त्याच काळात महाराष्ट्रात रंगवलेली ताटवाटी घडण्यासारखी परिस्थितीच नव्हती. कुंभारांचे कौशल्य कमी पडले, असे समजणे अन्यायाचे होईल.

एकोणिसाव्या शतकात कुंचला पुन्हा मातीकडे वळला तो मुंबईत. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७० च्या दशकात तिथे मातकामाची शाखा उभारली. सिंधमधल्या काचलेपाच्या कामाचा आधार घेतला गेला, आणि त्याच सुमारास जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत असल्याने त्यांतल्या वेलबुट्ट्या आणि आकृती फुलदाण्यांवर व थाळ्यांवर उतरल्या. ही भांडी प्रदर्शनांत गेली, परदेशी संग्राहकांनी घेतली. मराठी घराच्या पानात मात्र ती आली नाहीत. घराघरांत चिनी माती शिरली ती लोणच्याच्या बरणीच्या आणि कपबशीच्या रूपाने, बहुधा कारखान्यात छापलेल्या फुलांसह.

विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे गांधीवादी कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५० च्या दशकात ग्रामोदय संघाच्या माध्यमातून कुंभारकामाचे केंद्र सुरू केले. गावच्या कुंभाराला सुधारित चाक, चांगली भट्टी आणि काचलेपाचे तंत्र मिळावे, त्याला माठ-पणतीपलीकडची कामे करता यावीत, हा त्यामागचा विचार होता. परंपरेने कुंभाराच्या घरात माती कालवणे, लेप देणे, घोटणे आणि रंगवणे ही कामे बरीचशी स्त्रियांच्या हातची असतात, तरी चाकावर बसणाऱ्याचेच नाव होते. प्रशिक्षण केंद्रांमुळे या कामांनाही स्वतंत्र कौशल्य म्हणून ओळख मिळण्याची वाट खुली झाली.

जोर्वे आणि इनामगावची भांडी आज पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात पाहता येतात. विदर्भातल्या पुराणवस्तूंसाठी नागपूरचे १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजबबंगला, हे सर्वांत जुने ठिकाण. अभ्यासकांचे काम आता आकार आणि नक्षीच्या वर्गवारीपुरते राहिलेले नाही. खापराचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून माती कोणत्या खडकातून आली ते पाहिले जाते, रंगातले लोह आणि मँगनीज मोजले जाते, आणि भिंतीत मुरलेल्या स्निग्ध पदार्थांच्या अंशांवरून त्या वाडग्यात काय वाढले जात होते याचा माग काढला जातो.